दुवे मोजायचे की पारखायचे?

संगणकाच्या तासाला वर्गात हमखास येणारा एक प्रश्न आहे. विद्यार्थी शोधयंत्रात दोन शब्द टाकतात, क्षणार्धात पानांची लांबलचक यादी समोर येते आणि कोणीतरी विचारते, "सर, एवढ्या पानांतलं हेच पान पहिलं का आलं?" आपल्यापैकी बहुतेक जण सांगतात, "ते सर्वांत चांगलं असेल म्हणून." प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान होते आणि तास पुढे सरकतो.

हे उत्तर बरोबर नाही. ते पूर्ण चूकही नाही, आणि म्हणूनच ते जास्त फसवे आहे. शोधयंत्राला पानाचा चांगुलपणा कळत नाही. त्याला काही खुणा मोजता येतात. त्यांपैकी एक खूण गेली पंचवीस वर्षे फार महत्त्वाची ठरली आहे: दुसऱ्या किती आणि कोणत्या पानांनी या पानाकडे बोट दाखवले आहे. या बोट दाखवण्याला आपण दुवा म्हणतो. रोजच्या बोलण्यात लिंक. असे दुवे आपल्या पानाकडे यावेत म्हणून आज एक मोठा व्यवसाय चालतो. ही कल्पना मुळात काय होती, तिच्यात खरे किती होते आणि काय राहून गेले, हे तपासून पाहण्याचा आमचा हेतू आहे. उदाहरणासाठी आम्ही वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी घेतले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

मूळ कल्पना

१९९८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून एक अहवाल निघाला. त्याचे लेखक होते लॅरी पेज, सर्गेई ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड. यांतील मोटवानी हे जम्मूत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. अहवालात पानांना क्रम लावण्याची जी रीत सांगितली होती तिला 'पेजरँक' असे नाव दिले होते. त्याच वर्षी पेज आणि ब्रिन यांनी गूगल कंपनी स्थापन केली.

त्याआधीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. 'वर्धा' हा शब्द ज्या पानावर जास्त वेळा, ते पान वर. ही रीत फसवायला अगदी सोपी होती. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभर वेळा लिहिला की काम झाले. स्टॅनफर्डच्या या मंडळींनी दिशा बदलली. पान स्वतःविषयी काय सांगते ते पाहण्यापेक्षा इतर लोक त्याच्याविषयी काय सांगतात ते पाहावे, असे त्यांनी ठरवले.

ही कल्पना त्यांना ग्रंथालयशास्त्रातून मिळाली. एका शोधनिबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांत झाला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केली होती. सगळे उल्लेख सारखे मानू नयेत, वजनदार नियतकालिकातील उल्लेखाला जास्त वजन द्यावे, अशी रीत पिन्स्की आणि नारिन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. आपल्याकडच्या वाचकाला समजेल असे उदाहरण द्यायचे तर मराठी विश्वकोश उघडावा. अनेक नोंदींच्या शेवटी 'पहा' असे लिहून दुसऱ्या नोंदींची नावे दिलेली असतात. ज्या नोंदीकडे पुष्कळ ठिकाणांहून 'पहा' म्हटलेले असते ती नोंद त्या विषयात पायाभूत असणार, असा तर्क कोणीही करील. पेजरँक म्हणजे सगळ्या जगाच्या पानांवरील अशा 'पहा'ची मोजणी.

चिंचोक्यांचा खेळ

मोजणी नेमकी कशी होते ते वर्गात करून दाखवता येते. त्यासाठी शंभर चिंचोके पुरतात.

वर्गाचे तीन गट करावेत. समजा, प्रत्येक गट म्हणजे एक पान आहे. पहिले पान वर्ध्याविषयी, दुसरे सेवाग्रामविषयी, तिसरे नालवाडीविषयी. वर्ध्याच्या पानावर दोन दुवे आहेत, एक सेवाग्रामकडे आणि एक नालवाडीकडे. सेवाग्रामच्या पानावर नालवाडीचा एकच दुवा आहे. नालवाडीच्या पानावर वर्ध्याचा एकच दुवा आहे. नियम असा: शिक्षकांनी टाळी वाजवली की प्रत्येक गटाने आपल्याकडचे सर्व चिंचोके, आपण ज्यांच्याकडे दुवा दिला आहे त्यांना सारखे वाटून टाकायचे.

सुरुवातीला शंभरही चिंचोके वर्ध्याला द्यावेत. पहिल्या टाळीला सेवाग्रामकडे ५० आणि नालवाडीकडे ५० जातात. दुसऱ्या टाळीला सेवाग्रामचे ५० नालवाडीला मिळतात आणि नालवाडीचे ५० वर्ध्याला. तिसऱ्या टाळीनंतर वर्धा ५०, सेवाग्राम २५, नालवाडी २५. चौथ्या टाळीनंतर वर्धा २५, सेवाग्राम २५, नालवाडी ५०. पुढे अर्धे चिंचोके येऊ लागतात, तेव्हा हिशेब फळ्यावर करावा. बारा-पंधरा फेऱ्यांत आकडे वर्धा ४०, सेवाग्राम २०, नालवाडी ४० यांच्या अगदी जवळ येऊन ठेपतात. सुरुवातीची वाटणी कशीही केली तरी शेवट तोच होतो. विद्यार्थ्यांना याचे फार आश्चर्य वाटते आणि ते वाटायलाच हवे, कारण या रीतीचे सगळे बळ त्यात आहे.

येथे दोन गोष्टी मुलांच्या लक्षात आणून द्याव्यात. वर्ध्याकडे एकच दुवा येतो, नालवाडीकडे दोन, तरी दोघांचे गुण सारखे आहेत. वर्ध्याकडे येणारा एकुलता दुवा वजनदार पानाकडून येतो आणि त्यात कोणी वाटेकरी नाही, म्हणून असे झाले. म्हणजे नुसती दुव्यांची संख्या पुरत नाही. दुवा कोणाचा आणि त्यात वाटेकरी किती, हेही महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट सेवाग्रामची. १९३६ पासून गांधीजी तेथे राहिले, साऱ्या जगाला ते गाव ठाऊक आहे, आणि आपल्या खेळात त्याला सर्वांत कमी गुण आहेत. आकडा चुकलेला नाही. तो गावाची थोरवी सांगतच नाही. कोणी कोणाकडे बोट दाखवले एवढेच तो सांगतो.

पंधरा टक्क्यांची खिरापत

प्रत्यक्षातील रीतीत आणखी एक नियम आहे. दोन पानांनी फक्त एकमेकांकडेच दुवे दिले, तर त्यांच्याकडे गेलेले चिंचोके परत बाहेर येणार नाहीत. सगळा साठा तेथेच अडकेल. म्हणून असे मानतात की वाचक बहुतेक वेळा दुवे धरत पुढे जातो, पण मधूनच कंटाळून कोणत्याही पानावर उडी मारतो. या उडीचे प्रमाण साधारण १५ टक्के धरतात. आपल्या खेळात याचा अर्थ असा: प्रत्येक टाळीला ८५ टक्के चिंचोके दुव्यांप्रमाणे वाटायचे आणि १५ टक्के बाजूला काढून सर्व पानांना सारखे द्यायचे. या नियमाने आपल्या तीन पानांचे गुण वर्धा ३९, सेवाग्राम २१, नालवाडी ४० असे होतात. फारसा फरक पडला नाही.

आता येथेच चोरवाट आहे. समजा, कोणाला आपल्या गाइडांची जाहिरात करणारे एक पान वर आणायचे आहे. त्याच्याकडे कोणीही दुवा देत नाही. तो स्वतःच दहा पोकळ पाने तयार करतो. प्रत्येकावर जाहिरातीच्या पानाचा दुवा टाकतो आणि जाहिरातीच्या पानावरून त्या दहांकडे परत दुवे देतो. आमच्या तीन पानांशी या अकरा पानांचा काडीचाही संबंध नाही. एकूण पाने झाली चौदा.

गणित पुन्हा करून पाहा. शंभरातले सुमारे ३७ चिंचोके जाहिरातीच्या पानाकडे जातात. दहा पोकळ पानांना प्रत्येकी सुमारे ४ मिळतात. नालवाडीकडे उरतात सुमारे ९, वर्ध्याकडे ८ आणि सेवाग्रामकडे ५. आमच्या पानांवरचा एक शब्द बदलला नाही, एकही दुवा कमी झाला नाही, तरी नालवाडी चाळिसावरून नवावर आली.

हे कसे घडले? पंधरा टक्क्यांची खिरापत प्रत्येक पानाला केवळ ते अस्तित्वात आहे म्हणून मिळते. दहा पोकळ पाने उभी केली की दहा वाटे मिळतात आणि ते सगळे एका पानाकडे वळवता येतात. मतदारयादीत दहा खोटी नावे घालून मतदान करण्यासारखेच हे आहे. अशा पोकळ पानांच्या समूहाला पुढे 'लिंक फार्म', म्हणजे दुव्यांची शेती, असे नाव पडले. खऱ्या जगात अब्जावधी पाने असल्याने एका पानाच्या वाट्याला येणारी खिरापत अगदी किरकोळ असते, म्हणून दहा पानांनी भागत नाही, हजारो लागतात. पण संगणकाला हजारो पाने लिहायला सांगणे अवघड नाही.

आटोक्यात राहील, असे वाटले होते

मूळ अहवालाच्या लेखकांना हा धोका दिसला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गैरवापराचा विचार त्यांनी केला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वरचा क्रमांक हवा असेल तर एका महत्त्वाच्या पानाला किंवा पुष्कळ बिनमहत्त्वाच्या पानांना दुवा देण्यास राजी करावे लागेल, फार तर कोणी महत्त्वाच्या पानावर दुवा विकत घेईल, पण त्याला पैसे पडतात, म्हणून हा प्रकार आटोक्यात राहील. खिरापत सरसकट न वाटता निवडक पानांनाच द्यावी, असा पर्यायही त्यांनी सुचवला होता.

आमचा मुख्य आक्षेप या पहिल्या विधानावर आहे. पैसे पडतात म्हणून लोक एखादी गोष्ट करणार नाहीत, हे तेव्हाच खरे असते जेव्हा त्यातून मिळणारा फायदा खर्चापेक्षा कमी असतो. शोधयंत्राच्या पहिल्या पानावर येण्याचा फायदा जसजसा वाढला, तसतसा दुवा विकत घेण्याचा खर्च क्षुल्लक वाटू लागला. शिवाय रीत जितकी यशस्वी होईल तितकी तिला फसवण्याची किंमत वाढणार, हे त्या रीतीतच होते. दुवा मोजला जातो हे कोणाला माहीत नव्हते तोवर तो खरा होता. मोजला जातो हे कळले, त्या दिवसापासून लोक मोजणीसाठी दुवे देऊ लागले. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात असेच निरीक्षण नोंदवले होते: एखादा निर्देशक नियंत्रणासाठी वापरायला घेतला की त्याचा भरवसा ढासळू लागतो. परीक्षेच्या गुणांचे काय होते हे पाहिलेल्या शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढचा इतिहास याच वळणाने गेला. २००३ मध्ये काही लोकांनी ठरवून, 'दारुण अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या चरित्राच्या पानाचा दुवा दिला. ते शब्द शोधले की अध्यक्षांचे पान वर येऊ लागले. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. यात फारसा पैसाही लागला नव्हता. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे उदाहरण छापले. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात तिचे नाव अव्वल येत होते, आणि कपड्यांशी काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिचे दुवे पेरलेले आढळले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. गूगलने तिला क्रमवारीत खाली ढकलले.

शोधयंत्रांनी उपायही केले. २००५ मध्ये 'नोफॉलो' नावाची खूण आली. ती लावलेला दुवा वाचकाला नेतो, पण त्याची मत म्हणून मोजणी होऊ नये अशी सोय तिच्यात आहे. २००७ मध्ये विकिपीडियाने आपल्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ही खूण लावली, कारण केवळ क्रमवारीसाठी तेथे दुवे घुसडणाऱ्यांचा उपद्रव फार झाला होता. २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल करून बनावट दुव्यांवर उभ्या असलेल्या पानांना खाली आणले. २०१६ मध्ये पानांचा पेजरँक लोकांना दाखवणेही बंद केले. तो आकडा पाहून दुव्यांचे भाव ठरत होते. आज दुवा ही अनेक खुणांपैकी एक खूण आहे. तरी दुव्यांचा बाजार उठलेला नाही.

नालवाडीचे सूत

आता नालवाडीकडे येऊ. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे नालवाडीला राहायला आले. १९३८ मध्ये ते पवनारला गेले. मधल्या काळात, १९३४ मध्ये, तेथे ग्रामसेवा मंडळ सुरू झाले. दिवसभर सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणसाचा निर्वाह होतो का, हा प्रयोग विनोबांनी नालवाडीत स्वतःवर केला. दुसऱ्याला सल्ला देण्यापूर्वी आपण मोजून पाहावे, ही त्यातली वृत्ती विज्ञानशिक्षकाला जवळची वाटावी अशी आहे.

सूत कातणाऱ्याला मजुरी द्यायची तर सूत मोजावे लागते. ते मोजायचे सोपे माप म्हणजे लांबी: किती गुंड्या झाल्या? पण नुसती लांबी मोजून मजुरी दिली तर काय होईल, याचा विचार करा. पीळ कमी दिला की सूत भरभर निघते. गुंड्या वाढतात. मात्र तेच सूत मागावर चढवले की तटातट तुटते. म्हणून सुताची केवळ लांबी पाहून चालत नाही. त्याचा अंक, त्याची समानता आणि त्याचा कस हेही पाहावे लागतात. आणि शेवटची परीक्षा विणकराकडे असते. गुंडी मोजणाऱ्याला फसवता येते, मागाला फसवता येत नाही.

दुव्यांचेही तसेच आहे. दुव्यांची संख्या ही गुंड्यांची संख्या आहे. पेजरँकने सुताला अंक लावला, म्हणजे कोणाचा दुवा किती वजनाचा हे ठरवले. हा त्याचा मोठा गुण. पण कस पाहण्याची सोय त्यात नव्हती. हा दुवा धरून गेलेल्या वाचकाला तेथे हवे ते सापडले का? दुवा देणाऱ्याने ते पान स्वतः वाचले होते का? या प्रश्नांची उत्तरे दुव्यांच्या आराखड्यात नसतात. ती माणसाकडे असतात.

संशोधकही अखेर येथेच आले. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि याहू येथील संशोधकांनी 'ट्रस्टरँक' नावाची रीत मांडली. तिच्यात खिरापत सर्वांना वाटत नाहीत. आधी जाणकार माणसे थोडी पाने स्वतः वाचून भरवशाची म्हणून निवडतात आणि विश्वास तेथून दुव्यांच्या वाटेने पुढे झिरपतो. आमच्या चौदा पानांच्या खेळात एकट्या वर्ध्याच्या पानाला भरवशाचे मानून सगळी खिरापत त्यालाच दिली, तर जाहिरातीच्या अकरा पानांकडे एक चिंचोकाही जाणार नाही. वर्गात हे अवश्य करून पाहावे. पण यंत्राचे सगळे गणित झाल्यावरही सुरुवातीला एका माणसाने पान वाचून 'हे ठीक आहे' असे म्हणावेच लागले, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट आहे.

मराठी पानांची अडचण

हा सगळा खटाटोप आपल्याला कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मते मराठीत लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला या दोषाची झळ जास्त लागते.

'असतील शिते तर जमतील भुते' ही म्हण दुव्यांना तंतोतंत लागू पडते. जे पान वर दिसते तेच लोक वाचतात, जे वाचतात त्याचाच दुवा पुढे देतात, म्हणून ते आणखी वर जाते. बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये अशा वाढीचे गणित मांडले: नवा दुवा बहुधा आधीच पुष्कळ दुवे असलेल्या पानाकडे जातो. इंग्रजी पानांना ही सुरुवातीची शिते मिळालेली होती. मराठीतील अनेक पाने कित्येक वर्षे वेगवेगळ्या संस्थांच्या खास टंकांत लिहिलेली होती. डोळ्यांना ती मराठी दिसत, पण शोधयंत्राला त्यांत रोमन अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोडचा वापर रुळल्यावर ही अडचण दूर झाली, तोवर इंग्रजी पाने दुव्यांनी गब्बर झाली होती.

दुसरे असे की मराठीत लिहिणारे आपण लोक दुवे देण्यात कंजूष आहोत. लेख लिहिताना माहिती कोठून घेतली ते सांगत नाही, आणि सांगितले तर बहुतेक वेळा इंग्रजी पान दाखवतो. एखाद्या शिक्षकाने नालवाडीतील सूतकताईच्या प्रयोगावर, गावातील वृद्धांशी बोलून, उत्तम पान लिहिले तरी त्याच्याकडे दोन-तीनच दुवे येतील. जेथे खरे दुवे दोन-तीन, तेथे बनावट दुवे पन्नास पुरतात. इंग्रजीत गांधीजींविषयीच्या मोठ्या पानाला मागे टाकायला फार खर्च येईल. मराठीतील छोट्या विषयात तो नगण्य आहे. म्हणजे जेथे चांगले पान सर्वांत एकटे असते तेथेच खोटे पान सर्वांत स्वस्त पडते. नुकसान कोणाचे? प्रकल्पासाठी पहिले तीन निकाल उघडून वहीत उतरवून घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचे. २०२४ पासून काही शोधयंत्रे निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांशही देऊ लागली आहेत. त्या सारांशाचा कच्चा माल अशाच पानांतून येतो, तेव्हा ही काळजी कमी झालेली नाही.

शाळेने काय करावे?

शाळेचे किंवा मंडळाचे संकेतस्थळ सुरू केले की थोड्याच दिवसांत एक पत्र येते: इतक्या रुपयांत इतके शे दुवे, पहिल्या पानाची हमी. आम्हालाही अशी पत्रे आली आहेत. आमचा सल्ला स्पष्ट आहे. हे पैसे ग्रंथालयाला द्यावेत. विकतचे दुवे गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत आणि पकडले गेले तर शाळेचे पान होते त्याहून खाली जाते. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जी शाळा प्रामाणिकपणा शिकवते तिने स्वतःची मते विकत घेऊ नयेत.

पण आपल्या पानाकडे दुवे यावेत ही इच्छा गैर नाही, आणि त्यासाठी सरळ मार्ग आहेत. पहिला, दुसरीकडे न मिळणारे काहीतरी लिहावे. गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी मुलांनी वर्षभर मोजली असेल तर ती नोंद जगात दुसरीकडे कोठेही नाही. ज्याला हवी असेल त्याला तुमच्याकडेच यावे लागेल. दुसरा, पानाचा पत्ता बदलू नये. पत्ता बदलला की आधी मिळालेले सगळे दुवे तुटतात, आणि बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेण्याची सोय ठेवावी. तिसरा, त्या विषयावर लिहिणाऱ्यांना आपले पान दाखवावे आणि आवडले तरच दुवा द्या असे म्हणावे. चौथा, संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क न चुकता भरावे. बंद पडलेल्या संस्थांची नावे विकत घेऊन, त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या दुव्यांच्या जोरावर भलतीच पाने वर आणण्याचा धंदा चालतो. गूगलने २०२४ च्या मार्चमध्ये या प्रकाराला आपल्या नियमांत नाव घेऊन मनाई केली. शाळेच्या नावाखाली उद्या जुगाराची जाहिरात दिसू नये, एवढ्यासाठी तरी ही तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

पाचवा मार्ग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुवे मिळवण्याआधी दुवे द्यायला शिकावे. जॉन क्लाइनबर्ग यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की पानांचे दोन प्रकारचे मोठेपण असते. काही पाने माहितीमुळे मोठी असतात, तर काही चांगल्या माहितीकडे वाट दाखवतात म्हणून मोठी असतात, आणि ही दोन्ही मोठेपणे एकमेकांवर अवलंबून असतात. चांगल्या वाटाड्यांनी दाखवलेले पान चांगले. चांगली पाने दाखवणारा वाटाड्या चांगला. मराठीत चांगली पाने आहेत. वाटाडे कमी आहेत. शिक्षक तर आयुष्यभर हेच काम करीत असतो. एखाद्या शाळेने 'आम्ही वाचलेली वीस मराठी पाने' अशी यादी केली, प्रत्येकापुढे ते पान का वाचावे आणि त्यात काय चुकले आहे हे दोन ओळींत लिहिले, आणि वर्षातून एकदा ती तपासली, तर त्या यादीतील एकेक दुवा विकतच्या शेकडो दुव्यांपेक्षा वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल. यंत्र त्याला किती गुण देईल ते सांगता येत नाही. पण त्या वाटेने गेलेल्या मुलाला पुढे रस्ता सापडेल.

मराठीत दुवा देणे याचा अर्थ आशीर्वाद देणे असाही होतो. दुवा घ्यावा लागतो, कमवावा लागतो. त्याचे दरपत्रक नसते. तेव्हा वर्गात पुन्हा तो प्रश्न आला, "हेच पान पहिलं का?" तर उत्तर द्यावे, "कारण पुष्कळांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आहे. ती माणसं कोण आहेत आणि त्यांनी बोट का दाखवलं, हे आता आपण शोधू." त्या दिवशी तास पुढे सरकला नाही तरी चालेल.